ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं

१२ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू मला फाडून खाशील, तेव्हा आधीच कान पकडतो. तुझी भावजय म्हणते की एवढं लिहीत बसण्यापेक्षा सरळ फोन का नाही करत. तिला काय माहीत, फोनवर तू सगळं छान चाललंय एवढंच सांगतेस आणि ठेवून देतेस. खरं काय ते तुझ्या पत्रातूनच बाहेर येतं.

इकडे आमच्या लिफ्ट मेकॅनिकांच्या असोसिएशनच्या कामाने माझा पिट्टा पाडलाय. चिटणीस झालो तेव्हा वाटलं होतं, चला, शाफ्टमध्ये लोंबकळणं संपलं, आता खुर्चीत बसून सह्या करायच्या. कसलं काय. टायरच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर रबराचा वास घेत बसतो आणि लिफ्ट कंपन्यांशी हुज्जत घालतो. यंदा करार नव्याने करायचा आहे, आणि कंपन्यांना सगळ्यांची कुलपं उघडणारी एकच किल्ली सुपरवायझरच्या हातात हवी आहे. म्हणे काम खोळंबतं.

तू नेहमी विचारतेस की त्या पितळी कुलपाचं एवढं काय कौतुक. आता नीट सांगतो म्हणजे दरवेळी विचारणार नाहीस. आपला माणूस लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरायच्या आधी मेन स्विच बंद करतो, त्यावर असोसिएशनने दिलेलं स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. तो वर येईपर्यंत ती लिफ्ट कुणाच्या बापाला चालू करता येत नाही. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. आमची असोसिएशन म्हणजे एवढंच, बाकी सगळा चहा. दाजींच्या वेळी नुसती पुठ्ठ्याची पाटी लावून उतरायचे आणि किती माणसं परत येतील ते नशिबावर. दाजींनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी कामं बंद ठेवून हे कुलूप मिळवलं. ते आम्ही आता एका किल्लीपायी घालवणार नाही.

दाजींच्या जोडीदाराने, आपल्या शिट्टीने, परत कुलूप तसंच लटकवून घर गाठलं असं ऐकलं. सगळी इमारत जिने चढत त्याच्या नावाने बोटं मोडत होती आणि हे महाराज जेवून झोपले होते, शेवटी घरून परत यावं लागलं म्हणे. दाजींना सांग, इतकी वर्षं जोडीने काम करताय, तर त्याची किल्ली त्याच्या मिशीला बांधा. शाफ्टमध्ये उतरला की बेसूर शिट्टी वाजवत राहतो हे मात्र बरं आहे. दाजीच म्हणायचे ना, की शिट्टी ऐकू येतेय तोवर तो कुठे आहे ते विचारावं लागत नाही.

तुझा गुडघा कसा आहे ते लिहिलं नाहीस. सातव्या मजल्यावर राहून लिफ्ट बंद पडली की जिने चढू नकोस, खाली शेजाऱ्यांकडे बस. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझाच,
गुंड्या


२ मार्च

चि. गुंड्यास,
अनेक आशीर्वाद.

शिट्टी गेला हे तुला कळलं आहेच. कसा गेला ते चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं असेल, म्हणून मी लिहिते. मला नीट सुचत नाहीये, तरी क्रमाने सांगायचा प्रयत्न करते.

हॉस्पिटलमध्ये दोन लिफ्ट आहेत. जुन्या लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पाणी आणि घाण साचली होती. सकाळी शिट्टीने स्विचवर कुलूप लावलं आणि खाली उतरला. दुपारी दुसरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत कुणी नव्हतं, म्हणून तेवढ्यापुरतं बरं. ह्यांना बोलावणं आलं. हे पोचले तेव्हा खाली एक अडलेली बाई स्ट्रेचरवर होती. तिला वरच्या मजल्यावर ऑपरेशनला न्यायचं होतं आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नव्हतं. डॉक्टर ओरडत होते, बाईचा नवरा ह्यांच्या पाया पडत होता. सगळ्यांनी शिट्टीला शोधलं. खुंटीवर त्याचा कोट नव्हता, पिशवी नव्हती. सगळ्यांना वाटलं, गेला हा परत कुलूप विसरून. ह्यांनी शाफ्टच्या दाराशी जाऊन तीन वेळा हाक मारली, उत्तर आलं नाही, असं कंपनीच्या इंजिनियरने लिहून घेतलंय. मग ह्यांनी मोठ्या कात्रीने कुलूप कापलं आणि जुनी लिफ्ट चालू केली.

बाई वर पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. शिट्टी खड्ड्यातच होता. थंडी होती म्हणून कोट अंगात आणि पिशवी पायाशी. सकाळीच त्याची दाढ काढली होती रे. तोंडात कापसाचा बोळा होता, ओठ सुजलेले होते. त्याची बायको त्याला म्हणाली होती की आज जाऊ नका, तर तो खुणेनेच म्हणाला की खड्डा साफ करायला तोंड कशाला लागतं. हे तिने मला स्वतः सांगितलं. मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि मग एकदम वाटलं, आपण कुठल्या तोंडाने हिच्याकडे आलोय.

हे जेवायला बसतात आणि दोन घासांवर उठतात. लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाहीत, सात मजले चढून येतात आणि दाराशी पोचले की कितीतरी वेळ कठड्याला धरून उभे असतात. तुला त्यांनी हाताला धरून हे काम शिकवलं, तू त्यांना धीर दे. फोन नको, ते घेणार नाहीत. पत्र लिही.

तुझी,
ताई


७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि असोसिएशनच्या खोलीला आतून कडी लावून बसलो. शिट्टीने मला पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवून खड्ड्यात उतरवलं होतं. मी खाली पोचेपर्यंत तो वरून शिट्टी वाजवत होता. अजून खरं वाटत नाही.

दाजींसाठी वेगळं पत्र सोबत ठेवलंय, त्यांच्या उशाशी ठेव. वाचलं नाही तरी राहू दे तिथे.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगतो, म्हणजे नंतर मी लपवली असं तुला वाटायला नको. पोलीस काय ते ठरवतील, कंपनी काय ते ठरवेल, पण असोसिएशनला स्वतःची चौकशी करावी लागेल. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायची वेळ आलीच तर काय करायचं ते ठरलेलं आहे. हाका मारायच्या, दिवा घेऊन खड्ड्यात आणि लिफ्टच्या डब्याच्या छतावर बघायचं, आणि तो माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत कुलूप कापायचं नाही. घरी असेल तर घरून आणायचा. दाजींनी हाका मारल्या, म्हणजे निदान एक तरी गोष्ट केली. समोर एक जीव जात होता. चौकशीत हे सगळं मोजलं जाईल. अध्यक्षसाहेब जुने आहेत, दाजींना मानतात. काही काळ काम बंद आणि समज, एवढ्यावर निभावेल असं मला वाटतं. तू काळजीने स्वतःला आजारी पाडू नकोस.

शिट्टीच्या बायकोकडे आम्ही तिघे जण येऊन गेलो. तिच्या घरचं सगळं असोसिएशन बघेल, ती उघड्यावर पडणार नाही. त्या दिवशी तुझ्याकडे आलो नाही, ते मुद्दाम. चौकशी संपेपर्यंत मी तुमच्या घरी चहा प्यायला बसलेला कुणी बघितलं तर दाजींचंच नुकसान होईल. राग मानू नकोस.

तुझा,
गुंड्या


४ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

राग मानला, आणि अजून आहे. आपल्याच गावात येऊन भाऊ बहिणीच्या दारावरून गेला हे मला शेजारणीकडून कळावं, हे काही बरं नाही. पण भांडण नंतर. आधी बरी बातमी.

पोलिसांनी ह्यांना सोडलं. अपघात म्हणून कागद बंद केला. कंपनीचे मोठे साहेब स्वतः सात मजले चढून आले, आमची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, आणि धापा टाकत म्हणाले की ह्यांनी प्रसंगावधान दाखवून दोन जीव वाचवले. कंपनीच्या कार्यक्रमात सत्कार करायचं म्हणतात. सुपरवायझरची जागा देणार आहेत, म्हणजे आता शाफ्टमध्ये उतरणं नको, टेबलावर बसून काम. ती बाई, तिचा नवरा आणि तान्ही मुलगी घरी येऊन गेले. मुलगी ह्यांच्या मांडीवर ठेवली. हे तिच्याकडे बघतच नव्हते, भिंतीकडे बघत बसले. शेवटी मीच तिला उचललं.

गुंड्या, सगळ्या जगाने ह्यांना माफ केलंय. शिट्टीची बायकोसुद्धा मला म्हणाली की त्यांनी काही मुद्दाम केलं नाही. राहता राहिली तुमची असोसिएशन. मी हिला आजवर तुझं दुसरं सासर म्हणून चिडवत आले, पण आता मला हिची भीती वाटते. ज्या माणसाने आपली उमेदीची वर्षं तिच्यात घातली, त्याच्यावरच ती उलटणार का? आपली माणसं सांभाळायला असोसिएशन असते असं तूच मला शिकवलंस. मग सांभाळा की. बाहेरचे मारत असताना आतल्यांनी पाठीशी उभं राहायचं, इथे तर बाहेरचे कौतुक करतायत आणि आतले काठी घेऊन बसलेत.

माझं एवढंच मागणं आहे. ती चौकशी मिटव. तू चिटणीस आहेस, तुझ्या हातात आहे. ह्यांचं कुलूप काढून घेतलं, सभासदत्व गेलं, तर हा माणूस जगणार नाही. मी ह्यांना ओळखते.

तुझ्या भावजयीला सांग, तिने पाठवलेलं लोकरीचं जॅकेट ह्यांना नीट बसतं, पण अजून घातलेलं नाही.

वाट बघणारी,
ताई


११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला चार वेळा बसलो. आता जसं येईल तसं लिहितो.

कंपनी दाजींचा सत्कार प्रेमाने करत नाहीये. गेल्या आठवड्यात सगळ्या कंपन्यांनी मिळून असोसिएशनला कळवलंय की तुमच्याच सर्वांत जुन्या, सर्वांत शिस्तीच्या माणसाने प्रसंग पाहून दुसऱ्याचं कुलूप कापलं, त्याने जीव वाचले, तुम्हीही त्याला काही केलेलं नाही, म्हणजे कुलपाचा नियम अडचणीचा आहे हे तुम्हालाही मान्य आहे. तेव्हा सुपरवायझरला एक किल्ली देऊन टाकू. दाजींना जी जागा देतायत ना, ती पहिली किल्ली त्यांच्याच हातात द्यायला. उद्या कुठल्याही इमारतीत कुणी साहेब ओरडला की कुणी तरी सुपरवायझर किल्ली फिरवेल. आणि खड्ड्यात कुणाचा तरी नवरा असेल.

आपण दाजींना सोडलं तर कुलूप जातं. कुलूप ठेवायचं तर दाजींना सोडता येत नाही. मला यातून तिसरी वाट दिसत नाही, दिसली असती तर मी तिच्यावरून धावत आलो असतो.

अध्यक्षांनी मला सुचवलं की तू या चौकशीतून बाजूला हो, नातं आहे, लोक बोलतील. मी बाजूला झालो नाही. निदान दाजींनी तीन हाका मारल्या होत्या हे सभेत ठासून सांगणारा एक तरी आपला माणूस हवा. त्या हाकांवर माझी सगळी मदार आहे. नियम पूर्ण पाळला नाही, पण धाब्यावरही बसवला नाही, असं म्हणून मी कुलूप काढून न घेता काही महिने काम बंद एवढ्यावर सभेला आणायचा प्रयत्न करणार आहे. कंपन्यांनाही मग नियम सैल आहे असं म्हणता येणार नाही. बाकी सभासदांना मी एकेक करून भेटतोय. बरेच जण मानतील असं वाटतं.

दाजींना तेवढं सुपरवायझरची जागा घेऊ नका म्हणून सांग. माझं नाव सांगू नकोस.

भांडलीस तरी चालेल, अबोला नको.

तुझा,
गुंड्या


१५ एप्रिल

चि. गुंड्यास,
आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. थोडक्यात लिहितो.

तुझं पत्र तुझ्या ताईने डब्याखाली ठेवलं होतं. मी वाचलं. तिला सांगू नकोस.

मी हाका मारल्या नाहीत. कंपनीच्या इंजिनियरने मला विचारलं की तीनदा हाक मारली ना, आणि माझ्या तोंडून नाही हा शब्द निघाला नाही. मी गप्प बसलो आणि त्याने लिहून घेतलं. शाफ्टच्या दाराला कान लावला होता, एवढंच. शिट्टी ऐकू आली नाही. इतकी वर्षं त्या दाराला कान लावला की ती ऐकू यायची. ती नाही, म्हणजे तो नाही. दिवा माझ्या पट्ट्याला अडकवलेला होता. तो काढून खाली बघायला किती वेळ लागतो तुला माहीत आहे. मी काढला नाही. लोक ओरडत होते म्हणून नव्हे. ओरडा मी जन्मभर ऐकलाय. मला खात्री होती, म्हणून काढला नाही.

हे मी नवीन पोरांना किती वेळा सांगितलं असेल. तुलाही सांगितलं होतं. खात्री वाटली की दिवा काढायचा.

तू हाकांवर मदार ठेवू नकोस. मी सभेला येतोय आणि हे स्वतः उभा राहून सांगणार आहे. मला अडवू नकोस आणि वाचवू नकोस. चिटणीस म्हणून जो ठराव तुला मांडावा लागेल तो तूच मांड, दुसऱ्यावर ढकलू नकोस. मला तो तुझ्या तोंडून चालेल.

सुपरवायझरच्या जागेला मी साहेब आले त्याच दिवशी नाही म्हटलं. तुझ्या ताईला अजून वाटतंय की मी विचार करतोय.

दाजी


२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी घरी पोचले असतील. त्यांनी तुला काही सांगितलं नसेल, म्हणून मला सांगावं लागतंय.

सभा भरलेली होती. लोक जिन्यावर उभे होते. मी हाकांबद्दल एक शब्दही बोललो नाही, कारण दाजींनी आधीच मला कळवलं होतं की त्या मारल्याच नव्हत्या. दाजी उठले आणि सगळं जसं घडलं तसं बोलले. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत.  मग त्यांनी खिशातून स्वतःचं कुलूप काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, किल्ली त्याच्याशेजारी ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

त्यांचं सभासदत्व कायमचं काढून घ्यावं हा ठराव मी मांडला. ताई, तो मीच मांडला. मागच्यांना ऐकू गेला नाही म्हणून दोनदा वाचावा लागला. एक सोडून सगळ्यांचे हात वर गेले. शिट्टीचा भाऊ आमच्यातच आहे, त्याने हात वर केला नाही. का ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. अध्यक्ष नंतर मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी ठराव कंपन्यांना गेला आणि त्यांनी एका किल्लीची मागणी मागे घेतली. करार झाला. कुलूप राहिलं. तुझ्या दृष्टीने याला काही किंमत नाही हे मला कळतं.

आता सभासद नसलेल्या माणसाला कंपनी शाफ्टजवळ फिरकू देत नाही, तेव्हा दाजींचं काम गेलंच. सत्काराचं तर कुणी नावही काढत नाही. इथे टायरवाल्याकडे हिशेबाला माणूस हवा आहे, मी बोललोय. तुम्ही दोघं इकडे या. वरची खोली रिकामी करून ठेवतो. तुझ्या भावजयीनेही निरोप दिलाय की नुसतं हो म्हणा, ती स्वतः न्यायला येईल.

मला शिव्या दे, पण पत्र लिही.

तुझा,
गुंड्या


२० जुलै

गुंड्यास,

इतके दिवस तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही. ते चुकून राहिलं असं समजू नकोस. पेन हातात घेतलं की जे येत होतं ते भावाला लिहिण्यासारखं नव्हतं. आजही तुला माफ केलंय म्हणून लिहीत नाहीये. काल जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि सांगायला मला दुसरं कुणी नाही.

टायरवाल्याकडे आम्ही येणार नाही. मी शिवणकाम घेते, दुसऱ्या मजल्यावरच्या दोघींचे पडदे आणि अभ्रे असतात. हे बाजार आणतात, दळण आणतात, जिने चढतात. ओळखीचे मेकॅनिक रस्त्यात दिसले की समोरच्या फुटपाथवर जातात. हे त्याआधीच मान खाली घालतात, म्हणजे त्यांना रस्ता ओलांडायचे कष्ट नकोत.

काल आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. कंपनीने माणूस पाठवला. चाळिशीचा, आडदांड, ह्यांना न ओळखणारा. त्याने तळमजल्याच्या पॅसेजमधल्या मेन स्विचला कुलूप लावलं आणि खड्ड्यात उतरला. हे दळण घेऊन आले, ते कुलूप बघितलं, आणि दळणाचा डबा खाली ठेवून स्विचच्या पेटीला पाठ लावून उभे राहिले. कुणी हात लावू नये म्हणून. पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी विचारलं की कधी चालू होणार, तर ह्यांनी नुसती मान हलवली आणि हलले नाहीत. गेल्या तीन महिन्यांत ह्यांना इतकं ताठ उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं, असं वॉचमन मला नंतर सांगत होता.

मी शिवलेले पडदे देऊन हे अजून का आले नाहीत ते बघायला खाली येत होते. जिन्याच्या वळणावरून मी सगळं बघितलं. तो माणूस वर आला आणि बघतो तर आपल्या कुलपाला चिकटून कुणी तरी म्हातारा. त्याने विचारलं की कोण तुम्ही, इथे काय करताय. ह्यांनी आपलं नाव सांगितलं. खोटं सांगायचं सुचलं असतं तर. नाव ऐकताच त्याचा चेहराच बदलला. त्याने ह्यांची कॉलर धरली आणि जोरात बाजूला ढकललं. हे जिन्याच्या पायरीवर पडले, डबा उलटला, सगळं पीठ पॅसेजमध्ये पसरलं. सगळ्या इमारतीसमोर त्याने ह्यांना काय काय म्हटलं ते मी लिहिणार नाही. शेवटी म्हणाला की परत माझ्या कुलपाजवळ दिसलास तर हात तोडीन.

मी धावले. मला त्या माणसाच्या अंगावर जायचं होतं, ह्या वयात, कात्री हातात होती. ह्यांनी पडल्या पडल्या हात वर करून मला थांबवलं.  त्याने कुलूप काढलं, खिशात टाकलं आणि निघून गेला. मी पीठ गोळा केलं आणि आम्ही जिने चढलो. लिफ्ट चालू झाली होती तरी जिने चढलो. ह्यांचा गुडघा फुटला होता, पायरीगणिक रक्त पडत होतं. मी रडत होते आणि त्याला, तुला, तुमच्या त्या सगळ्या असोसिएशनला शिव्याशाप देत होते.

घरात आल्यावर ह्यांनी मला भूक लागल्याचं सांगितलं. मी वाढलं. गुंड्या, शिट्टी गेल्यापासून पहिल्यांदा हे पोटभर जेवले, मागून घेऊन जेवले. मी बघत राहिले. जेवता जेवता म्हणाले की तो माणूस चांगला आहे, तो रोज संध्याकाळी घरी जाईल, कारण तो आपल्या कुलपाजवळ कुणालाही उभं राहू देत नाही. मग हात धुऊन आडवे झाले आणि लगेच त्यांना झोप लागली. कित्येक महिन्यांनी घोरत होते.

मी त्यांच्या गुडघ्याला औषध लावत बसले. आजवर मला वाटत होतं की तुम्ही सगळे एका बाजूला आणि आम्ही दोघं एका बाजूला. काल कळलं की हेही तुमच्याच बाजूला आहेत, कधीपासूनच होते. या बाजूला मी एकटीच आहे. मला वाटतं तू ठराव मांडलास तो बरोबर होता. असेल. हे कळल्यामुळे मला तिळमात्र बरं वाटलेलं नाही, आणि वाटावं असं तू मला कधी लिहू नकोस.

भावजयीला माझे आशीर्वाद दे. माया करत राहा असं आज माझ्याने लिहवत नाही. जेवढी उरली असेल तेवढी राहू दे.

ताई